घटक ५ : प्रशिक्षक घडविणारे शिबिर – बुलढाणा जिल्ह्यातील जलसंधारणाच्या निमित्ताने

५.१ प्रास्ताविक

सभेचे इतिवृत्त, निवेदन आणि अहवाल या लेखनप्रकारांचा परिचय आपण मागील घटकात करून घेतला. ते सारे लेखन कार्यालयाच्या टेबलावर होते. या घटकात आपल्याला टेबल सोडून माळरानावर जायचे आहे. सामाजिक कृतीसाठी प्रशिक्षक तयार करणारे निवासी शिबिर हा या घटकाचा विषय आहे. काही दिवस एके ठिकाणी मुक्काम करून पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकायचे आणि तेथून निघाल्यावर लगेच गावोगाव जाऊन इतरांना शिकवायचे, असे या शिबिराचे स्वरूप असते.

मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. डॉक्टरकडे औषध असते, अभियंत्याकडे यंत्र असते. सामाजिक प्रशिक्षकाकडे बोलणे आणि ऐकणे यांखेरीज दुसरे साधन नसते. म्हणजे त्याचे सगळे भांडवल भाषेचे. शिवाय आपल्यापैकी अनेकजण अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य किंवा बचतगटाच्या अध्यक्ष म्हणून काम करीत हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. 'अमुक तारखेस निवासी प्रशिक्षणास उपस्थित राहावे' असे पत्र आपल्या हातात कधीतरी पडलेच असेल, किंवा पुढे पडेल. त्या पत्रापाठोपाठ घरची व्यवस्था कोण पाहणार, रजा मिळेल का, मुलांच्या परीक्षा कधी आहेत, हे प्रश्नही येतात. एवढी ओढाताण करून जायचे, तर तेथे नेमके काय घ्यायचे असते, हे आधी ठाऊक असलेले बरे.

हा घटक अभ्यासल्यानंतर प्रशिक्षणातील भाषेचे विश्लेषण आपल्याला करता यावे आणि शिबिराची नोंदवही नेमकेपणाने लिहिता यावी, अशी अपेक्षा आहे.

५.२ जिल्हा आणि पार्श्वभूमी

उदाहरणासाठी आपण बुलढाणा जिल्हा निवडला आहे. अमरावती विभागातील या जिल्ह्यात तेरा तालुके आहेत, पण जिल्ह्यातील माणूस आपल्या भूगोलाची विभागणी एका शब्दात करतो : 'घाटावर' आणि 'घाटाखाली'. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे ही विभागणी झाली आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा भाग घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्यातील भाग घाटाखालचा. घाटावर पाऊस पडतो आणि उतारावरून वाहून जातो. खाली काळा कठीण पाषाण असल्यामुळे जमिनीत मुरणे सोपे नसते. घाटाखाली काळी कसदार जमीन आहे, पण पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट लागते. तेथे पाणी आहे आणि तरी पिता येत नाही, ही तेथल्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार आहे. घाटावरच्या गावात चालणारे उदाहरण घाटाखाली चालेलच असे नाही, हे प्रशिक्षकाने मनाशी पक्के धरले पाहिजे.

पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांमुळे हा जिल्हा देशाच्या चर्चेत आला. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाण्याचा समावेश होता. कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन, कर्ज आणि लहरी पाऊस या साखळीत पाण्याचा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

२०१६ मध्ये आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या पुढाकाराने पानी फाउंडेशन ही संस्था सुरू झाली. तिने 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही गावागावांतील जलसंधारणाची स्पर्धा आखली. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. २०१७ मध्ये ३० आणि २०१८ मध्ये ७५ तालुके स्पर्धेत आले. ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस गावकऱ्यांनी श्रमदान करायचे, चर खोदायचे, बांध घालायचे, शोषखड्डे करायचे आणि शेवटी कामाचे मोजमाप व्हायचे. २०१८ च्या स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील टाकेवाडी पहिली आली. दुसरा क्रमांक दोन गावांना विभागून मिळाला. त्यांपैकी एक साताऱ्यातील भांडवली आणि दुसरे बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील सिंदखेड. (जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा वेगळे आणि हे सिंदखेड वेगळे. जिल्ह्याबाहेरच्या विद्यार्थ्यांची येथे हमखास गफलत होते.)

सिंदखेडच्या नावाची बातमी झाली, पण आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने त्या बातमीमागची व्यवस्था महत्त्वाची आहे. स्पर्धेआधी प्रत्येक गावातून निवडलेल्या स्त्रीपुरुषांच्या छोट्या तुकडीला निवासी प्रशिक्षण दिले जात असे. त्यांना शिकविणारे प्रशिक्षक दोन प्रकारचे असत : तांत्रिक आणि सामाजिक. चर कोठे खोदायचा हे तांत्रिक प्रशिक्षक सांगे. तो चर खोदायला गाव एकत्र कसे येईल, हा सामाजिक प्रशिक्षकाचा विषय. आणि या प्रशिक्षकांनाही कोणीतरी आधी प्रशिक्षण दिलेले असे.

५.३ शिकविणाऱ्यांना शिकविणे : थोडा इतिहास

प्रशिक्षकांचे प्रशिक्षण ही कल्पना नवी नाही. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले, तेव्हा लाखो निरक्षरांपर्यंत पोहोचण्यासाठी पायऱ्यांची रचना करण्यात आली. वरच्या पायरीवर साधन व्यक्ती, त्यांच्याखाली मुख्य प्रशिक्षक आणि सर्वांत खाली प्रत्यक्ष वर्ग चालविणारा स्वयंसेवक. ही रचना कागदावर फार सुबक दिसते. व्यवहारात मात्र प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते. वरच्या शिबिरात तीन दिवस चाललेली चर्चा मधल्या पायरीवर एका दिवसाची होते आणि शेवटच्या स्वयंसेवकाच्या हातात उरते ती पुस्तिका. जलसंधारणात पाझर चांगला असतो. प्रशिक्षणात तो घात करतो. गावकऱ्यांनाच थेट शिबिराला बोलावण्याची वॉटर कपची पद्धत मला याच कारणासाठी अधिक शहाणपणाची वाटते. मधल्या पायऱ्या जितक्या कमी, तितकी गळती कमी.

जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात मायल्स हॉर्टन यांनी १९३२ मध्ये 'हायलँडर फोक स्कूल' ही संस्था सहकाऱ्यांसह स्थापन केली. कामगार आणि पुढे कृष्णवर्णीय कार्यकर्ते तेथे मुक्कामाला येत, एकत्र जेवत आणि आपापल्या गावचे प्रश्न मांडत. १९५५ च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स तेथील कार्यशाळेला गेल्या होत्या. त्याच वर्षी १ डिसेंबरला माँटगोमेरीच्या बसमध्ये त्यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडण्यास नकार दिला. शिबिरामुळेच त्यांनी तो नकार दिला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. त्या आधीपासूनच अनुभवी कार्यकर्त्या होत्या. पण वर्णभेदाच्या त्या काळात गोरे आणि काळे एका टेबलावर बसू शकतात, हे त्यांनी तेथे काही दिवस जगून पाहिले होते.

याच संस्थेने १९५७ मध्ये जॉन्स बेटावर प्रौढांसाठी नागरिकत्वाचे वर्ग सुरू केले. मतदार म्हणून नाव नोंदविण्यासाठी वाचता येणे आवश्यक होते आणि ते न येणाऱ्यांना मतदानापासून दूर ठेवले जाई. पहिल्या वर्गाची शिक्षिका म्हणून बर्निस रॉबिन्सन यांची निवड झाली. त्या व्यवसायाने केशरचनाकार होत्या, शिक्षकी पेशाचा त्यांना अनुभव नव्हता आणि निवडीमागे हेच कारण होते. सवयीने फळ्याकडे तोंड करून उभा राहणारा शिक्षक प्रौढांना नको होता. खुर्चीत बसलेल्या बाईचे बोलणे ऐकत ऐकत हात चालविणारी व्यक्ती ऐकण्यात तरबेज असते. शिक्षकी पेशातील विद्यार्थ्यांनी रागावू नये, पण प्रशिक्षक म्हणून उभे राहताना शिक्षकाला पुष्कळ विसरावे लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

आपली प्रगती तपासा – १
आपण आजवर हजर राहिलेल्या एखाद्या प्रशिक्षणात किती पायऱ्या होत्या? आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्यातील काय गळाले असावे? दहा ओळींत लिहा.

५.४ माळावरचा वर्ग

जलसंधारणाच्या शिबिरात ए-फ्रेम नावाचे एक साधन शिकविले जाते. ते समजून घेण्यात थोडा वेळ घालवू, कारण प्रशिक्षणाची सगळी तत्त्वे त्या तीन काठ्यांत सापडतात.

दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकाशी बांधायच्या आणि खाली पाय फाकवून उभ्या करायच्या. मध्ये एक आडवी काठी बांधायची. वरच्या गाठीतून एक दोरी सोडून तिच्या टोकाला दगड बांधायचा. गवंड्याचा ओळंबाच तो. आता ही चौकट जमिनीवर उभी करून तिचे दोन्ही पाय टेकले ती ठिकाणे खुणेने पक्की करायची आणि दोरी आडव्या काठीला जेथे छेदते तेथे खूण करायची. मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करायची : डावा पाय उजव्याच्या जागी आणि उजवा डाव्याच्या. पुन्हा खूण करायची. दोन खुणांचा बरोबर मध्य काढला की साधन तयार झाले. पुढे जेव्हा जेव्हा दोरी त्या मध्यावर येईल, तेव्हा तेव्हा दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत असे समजायचे. एक पाय स्थिर ठेवून दुसरा फिरवीत, दोरी मध्यावर आणीत, फक्कीने खुणा करीत डोंगराच्या अंगाने जायचे. या खुणा जोडल्या की समपातळी रेषा मिळते. त्या रेषेवर खोदलेल्या चरात पाणी वाहत नाही, थांबते. थांबलेले पाणी मुरते. खोदलेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकायची, हेही ओघाने आले.

हे साधन फळ्यावर चित्र काढून दहा मिनिटांत सांगता येते. तसे सांगितले तर दहा दिवसांत ते विसरलेही जाते. चांगला प्रशिक्षक आधी सर्वांना उतारावर नेतो आणि नुसत्या डोळ्यांनी समपातळी ओळखून दगड ठेवायला सांगतो. प्रत्येकजण आत्मविश्वासाने दगड ठेवतो. आयुष्यभर त्याच रानात नांगर धरलेला माणूस तर पैज लावायला तयार असतो. नंतर चौकट आणली जाते. दगड पातळीवर नसल्याचे दिसते. त्या क्षणी हसू फुटते, वाद होतात, कोणीतरी चौकटच वाकडी आहे असे म्हणतो. तेव्हा प्रशिक्षकाने गप्प राहायचे असते. 'मग चौकट तपासून पाहू' असे म्हणून पायांची अदलाबदल करायला लावायचे असते. साधनावरचा संशय साधनानेच फिटतो आणि तो फेडणारे हात शिकणाऱ्याचे असतात.

यातली खरी कसोटी प्रशिक्षकाच्या गप्प राहण्याची आहे. उत्तर माहीत असताना ते न सांगणे फार कठीण जाते. नव्या प्रशिक्षकांच्या चुकांपैकी बऱ्याच चुका अज्ञानाच्या नसतात, तर घाईने सांगून टाकण्याच्या असतात.

दुसरा वर्ग हिशेबाचा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी पडते. आता असे समजा की एखाद्या गावाचे शिवार ५०० हेक्टर आहे आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर आहे. गुणाकार केला की ३०० कोटी लिटर हा आकडा येतो. हा आकडा फळ्यावर लिहिला तर समोरचे चेहरे कोरेच राहतात, कारण कोटीभर लिटर म्हणजे किती हे कोणाच्याच अनुभवात नाही. पण उन्हाळ्यात गावात येणारा टँकर सर्वांच्या अनुभवात आहे. १०,००० लिटरचा टँकर धरला, तर दर पावसाळ्यात त्या शिवारावर तीन लाख टँकर रिकामे होतात. त्यांतले पुष्कळसे उन्हाने उडते, पिके पितात, बरेच वाहून जाते. पण तीन लाख टँकर आपल्या दारात येऊन जातात आणि मार्चमध्ये आपण एका टँकरसाठी तहसील कचेरीत अर्ज करतो, ही विसंगती शिबिरार्थीला स्वतःच्या गुणाकारातून उमगते. आकड्याचे अनुभवात भाषांतर करणे हे भाषेचेच काम आहे.

आपली प्रगती तपासा – २
आपल्या गावाचे क्षेत्रफळ तलाठी कार्यालयातून आणि तालुक्याचे पर्जन्यमान कृषी कार्यालयातून मिळवा. वरीलप्रमाणे हिशेब करा. आलेला आकडा आपल्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला समजेल अशा कोणत्या मापात सांगाल?

५.५ प्रशिक्षणाची भाषा

मराठी व्याकरणाचा अभ्यास करताना 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद आपण पाहिला आहे. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हणताना तो आत येतो. गावसभेत उभे राहून 'आम्ही तुमच्या गावासाठी काम करायला आलो आहोत' असे म्हटले की सभेचे दोन भाग पडतात : देणारे आणि घेणारे. म्हणून शिबिरात 'आपण' वापरण्याची सवय लावली जाते. मात्र यात एक खाच आहे. पहिल्याच दिवशी गावात उतरलेला परका माणूस 'आपलं गाव, आपलं पाणी' म्हणू लागला की लोकांना ते निवडणुकीचे भाषण वाटते. 'आपण' हे सर्वनाम कमवावे लागते. सकाळी सर्वांबरोबर हातात कुदळ घेतल्यावर ते आपोआप तोंडी येते आणि कोणाला खटकत नाही.

कर्मणी रचनेचेही तसेच. 'उद्या सकाळी सहा वाजता श्रमदान करण्यात येईल' या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, पण कर्ता नाहीसा झालेला आहे. सरकारी परिपत्रकात ही सोय असते. गावसभेत ती पळवाट ठरते, कारण ज्या वाक्यात कर्ता नाही त्या कामाला सकाळी सहाला कोणी येत नाही. 'उद्या सहाला मी मारुतीच्या पारावर येतो. माझ्याबरोबर कोण येईल?' या वाक्यात कर्ता आहे, जागा आहे, आणि उत्तर देण्याची जबाबदारीही आहे.

'लाभार्थी' हा शब्द पाहा. विद्यार्थी, प्रशिक्षणार्थी, लाभार्थी या तिन्ही शब्दांत 'अर्थी' म्हणजे इच्छा करणारा. विद्या इच्छिणाऱ्याला अभ्यास करावा लागतो. लाभ इच्छिणाऱ्याने रांगेत उभे राहायचे, एवढेच आपल्या कार्यालयीन मराठीने शिल्लक ठेवले आहे. सामाजिक प्रशिक्षकाने हा शब्द शक्यतो टाळावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

बोलीचा मुद्दा याहून नाजूक आहे. बुलढाणा जिल्ह्यात प्रामुख्याने वऱ्हाडी बोलली जाते. सिंदखेड राजाकडे तिला मराठवाड्याचा आणि मलकापूरकडे खानदेशाचा वारा लागतो. या बोलीत 'पाणी'चे 'पानी' होते, 'काळा'चा 'काया' होतो, 'शेत' म्हणजे 'वावर' आणि 'का' म्हणजे 'काहून'. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाने नक्कल करून ही बोली बोलू नये. ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते. पण ती समजून घेण्याची तयारी हवी. आणि जो प्रशिक्षक त्याच भागातला आहे, त्याने शिबिराला जाऊन आल्यावर अचानक पुस्तकी मराठीत बोलू लागू नये. पद्धतशीर शिकून आलेल्या माणसाला हा मोह होतोच. गावाला तो लगेच कळतो.

आता 'श्रमदान' या शब्दाकडे येऊ. येथे केवळ भाषेचा प्रश्न उरत नाही. दान तोच करू शकतो ज्याच्याजवळ काही शिल्लक आहे. शेतमालकासाठी सकाळचे दोन तास हे दान असू शकतात. मजुरीवर जगणाऱ्या बाईच्या दिवसातून ते दोन तास कापले गेले, तर त्याचा हिशेब संध्याकाळच्या चुलीवर होतो. अशी बाई सभेत उठून विचारते, 'पानी तर वावरवाल्याच्या विहिरीत जाईन. माह्या काय?' असा प्रश्न येणार, हे शिबिरातच गृहीत धरले पाहिजे. नवखा प्रशिक्षक येथे गावाच्या एकजुटीवर बोलू लागतो. ते उत्तर नव्हे.

खरे उत्तर द्यायचे तर आधी मान्य करावे लागते की प्रश्न रास्त आहे. मुरलेले पाणी ज्याच्या जमिनीत विहीर आहे त्यालाच प्रथम मिळते, हे खोटे नाही. मग पुढे बोलता येते : पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर, शेतात मजुरीचे वाढणारे दिवस, जनावरांचा चारा, रोजगार हमीतून घेता येणारी आणि म्हणून मजुरी देणारी कामे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, देशाने २००५ मध्ये. याहून पुढे जाणारे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे, भूमिहीनालाही पाण्यावर हक्क द्यायचा आणि उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, ही त्यातील सूत्रे होती. असे काही घडवायचे तर गावाने पाणी येण्याआधी ठरवावे लागते. पाणी विहिरीत उतरल्यावर कोणी वाटून घ्यायला बसत नाही. सभेत त्या बाईचा प्रश्न चर्चेला घ्यायचा की टाळायचा, हा निर्णय त्या क्षणी प्रशिक्षकाच्या हाती असतो. टाळला, तर चर खोदले जातील, बक्षीसही मिळेल, आणि ती बाई पुढच्या वर्षी सभेला येणार नाही.

५.६ सराव सत्र आणि नोंदवही

शिबिरात सर्वांत धास्तीचा भाग सराव सत्राचा. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने सहकाऱ्यांसमोर वीसएक मिनिटे सत्र घ्यायचे आणि नंतर त्यांचे अभिप्राय ऐकायचे. चाळिशी ओलांडलेल्या, गावात मान असलेल्या माणसाला विशीतल्या मुलीने 'काका, तुम्ही कोणाला बोलूच दिलं नाही' असे सांगणे आणि त्याने ते ऐकून घेणे, दोन्ही अवघड. या पद्धतीचे मूळ शोधत गेलो तर १९४६ मध्ये कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटन येथे मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी घेतलेल्या कार्यशाळेपर्यंत पोहोचतो. दिवसभरात प्रशिक्षणार्थी कसे वागले याविषयी निरीक्षक रात्री आपसांत चर्चा करीत. काही प्रशिक्षणार्थींनी तेथे बसण्याची परवानगी मागितली. आपल्याविषयी बोललेले ऐकताना त्यांनी हरकती घेतल्या, वाद घातले, आणि दिवसभराच्या व्याख्यानांपेक्षा त्या रात्रीच्या चर्चेतून अधिक शिकले. पुढच्याच वर्षी मेन राज्यातील बेथेल येथे ही पद्धत प्रशिक्षणाचा गाभा बनली.

या सर्वांची नोंद ठेवणे हे आपले, म्हणजे भाषेच्या विद्यार्थ्याचे, खास काम. एका कल्पित नोंदीचे दोन मसुदे पाहा.

पहिला मसुदा : 'दुपारच्या सत्रात समपातळी रेषेविषयी उपयुक्त मार्गदर्शन करण्यात आले. सर्व प्रशिक्षणार्थींनी उत्साहाने सहभाग नोंदविला.'

दुसरा मसुदा : 'दुपारी तीन ते साडेचार. सत्र मी घेतले. नऊजण होते, त्यांत तीन बायका. मी फळ्यावर "समपातळी रेषा" असे लिहिले. कोणी उतरवून घेतले नाही. एका मावशींनी विचारले, "म्हंजे पानी थांबते ते रेघ काय?" त्यानंतर सगळे "पाणी थांबते ती रेघ" असेच म्हणू लागले. माझा शब्द मागे पडला. सुरुवातीला मला वाईट वाटले. ऊन फार होते; मागच्या तिघांना सावली मिळाली नाही, ते लवकर उठले.'

पहिला मसुदा कोणत्याही शिबिराला लावता येतो. तो आधीच लिहून ठेवला तरी चालेल, आणि पुष्कळदा तसे होतेही! दुसऱ्यात वेळ, माणसे, उच्चारलेले शब्द, लिहिणाऱ्याची भावना आणि उन्हाचा त्रास एवढे सगळे आहे. घडलेले आणि वाटलेले यांची सरमिसळ मात्र झालेली नाही. 'मला वाईट वाटले' हे वेगळ्या वाक्यात आले आहे. सहा महिन्यांनी दुसऱ्या गावात हेच सत्र घ्यायचे असेल तर यातील कोणता मसुदा हाताशी असावा, याचा विचार आपण करावा. दुसऱ्या मसुद्यात मावशींची भाषा मूळ रूपात राखली आहे, हेही पाहा. ती प्रमाण मराठीत 'सुधारून' लिहिली असती, तर सत्रात नेमके काय घडले ते नोंदीतून पुसले गेले असते.

५.७ परत गावात

शिबिर संपते तेव्हा डोळ्यांत पाणी येते, एकमेकांचे क्रमांक घेतले जातात, रात्री उशिरापर्यंत गाणी होतात. दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरल्यावर गावात काहीच बदललेले नसते. बदललेले असतो ते आपण, आणि ते इतर कोणाला माहीत नसते. पहिल्या सभेला अकराजण येतात. त्यांतले चारजण घरचेच. हा अनुभव इतका सर्वसाधारण आहे की त्याची तयारी शिबिरातच करून घ्यायला हवी. पण समारोपाच्या भाषणांच्या घाईत ती राहून जाते. एकटा परतलेला प्रशिक्षक लवकर खचतो. एकाच गावातून दोघे-तिघे शिबिराला गेले असतील, आणि त्यांत एक स्त्री असेल, तर तग धरण्याची शक्यता वाढते. गावाची तुकडी बोलावण्यामागे हाही विचार असतो.

या कामावरील आक्षेपही आपल्याला माहीत असले पाहिजेत. राज्य शासनाच्या जलयुक्त शिवार अभियानात नाले खोल आणि रुंद करण्यावर फार भर दिला गेला, ते अशास्त्रीय आहे, अशी टीका अनेक जलतज्ज्ञांनी केली, प्रा. एच. एम. देसरडा यांनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिकाही केली. यंत्राने नाला खोदणे डोळ्यांत भरते. माथ्यावरचे चर दुरून दिसतही नाहीत. पण पाण्याचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे असते. ठरावीक दिवसांच्या स्पर्धेत गुणांसाठी लवकर दिसणारे काम आधी करण्याचा मोह होतो, ही शंकाही गैरलागू नाही. शिबिरात असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला 'नकारात्मक' म्हणून खाली बसविण्याची रीत आपल्याकडे आहे. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करणारा प्रशिक्षक गावात गेल्यावर मजूर बाईच्या प्रश्नालाही गप्पच करील.

उपक्रम
आपल्या तालुक्यात होणारे कोणतेही एक निवासी प्रशिक्षण निवडा : बचतगटांचे, आरोग्याचे, शेतीचे किंवा पाण्याचे. शक्य असल्यास स्वतः सहभागी व्हा. नसल्यास नुकत्याच परतलेल्या एखाद्या प्रशिक्षणार्थीशी दोन वेळा बोला, एकदा परतल्याच्या आठवड्यात आणि एकदा दोन महिन्यांनी. दोन्ही वेळी एकच प्रश्न विचारा : 'तेथे शिकलेले तुम्ही कोणाला सांगितले आणि त्यांनी काय उत्तर दिले?' दोन्ही उत्तरे बोलणाऱ्याच्याच शब्दांत, बोली न बदलता, लिहून आणा. संपर्क सत्रात त्यावर चर्चा होईल.